उलटं बुजगावणं: सप्टेंबरच्या रानात हरणाला बोलावताना

आपल्याकडे शेतात बुजगावणं उभं करतात ते जनावर पळावं म्हणून. फाटका सदरा, डोक्याच्या जागी मडकं, चुन्याने काढलेले डोळे. रोही चार दिवस बिचकतात आणि पाचव्या दिवशी त्याच्याच शेजारी उभे राहून सोयाबीन खातात. अमेरिकेत विस्कॉन्सिन, केंटकी, आयोवा अशा राज्यांत सप्टेंबर उजाडला की काही माणसं याच्या उलट उद्योगाला लागतात. रानाच्या कडेला प्लास्टिकचं हरीण उभं करायचं, आपण झाडावरच्या मचाणावर चढून बसायचं, गळ्यातल्या नळीत हलकी फुंकर घालायची आणि खरं हरीण जवळ येण्याची वाट बघायची. त्या नळीला ते 'कॉल' म्हणतात आणि प्लास्टिकच्या हरणाला 'डिकॉय'.

मी शिकारी नाही. भारतात असलं काही करणं गुन्हा आहे, त्याबद्दल पुढे येईलच. पण हे तंत्र समजून घ्यायला लागलं की हरीण काय ऐकतं, काय बघतं आणि कुठल्या महिन्यात कसं वागतं याचा सगळा हिशेब उलगडत जातो, आणि तो जंगलात नुसतं बघायला जाणाऱ्यालाही कामाचा आहे.

हे हरीण म्हणजे व्हाइटटेल, पांढऱ्या शेपटीचं. उत्तरेतला नर आपल्या चितळापेक्षा थोराड दिसतो. अंगावर ठिपके फक्त पाडसपणी. धोका जाणवला की शेपूट ताठ उभी करून तिची पांढरीशुभ्र खालची बाजू झेंड्यासारखी नाचवत पळतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे ही जात अमेरिकेत जेमतेम काही लाखांवर आली होती. आज अंदाज तीन कोटींच्या आसपास आहे. मधल्या काळात मांस-कातडं बाजारात विकण्यासाठी होणारी शिकार थांबली, परवाने आणि हंगाम ठरले, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला बांधून दिला. लांडगे आणि प्यूमा (तिथली मोठी रानमांजरं) बहुतेक भागांतून हद्दपार झालेले, त्यामुळे हरणांची संख्या आवरण्याचं काम बरंचसं परवानाधारक शिकाऱ्यांवर येऊन पडलं आहे. तरीही हरीण मोटारीला धडकण्याचे प्रकार तिथे वर्षाला दहा लाखांच्या वर जातात. नोव्हेंबरात रात्री गाडी चालवणाऱ्या तिथल्या मराठी मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

हंगाम टप्प्याटप्प्याने उघडतो. आधी धनुष्यबाणवाले, मग बंदूकवाले. केंटकीत धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो, विस्कॉन्सिनमध्ये सप्टेंबरच्या मध्याला. विस्कॉन्सिनचा बंदुकीचा मोठा हंगाम मात्र नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारपासून नऊ दिवस. म्हणजे सुरुवातीच्या हंगामात हातात असतं ते धनुष्य. चांगल्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याने सरावलेला माणूससुद्धा खात्रीने बाण सोडतो तो वीस-तीस मीटरच्या आत. ऐंशी मीटरवर चरणारं हरीण बंदूकवाल्यासाठी जवळ आहे, धनुष्यवाल्यासाठी दुसऱ्या गावात. त्याला जवळ आणायचं तर दोनच वाटा: ते जिथून जाणार तिथे आधीच जाऊन बसणं, नाहीतर त्याला बोलावणं.

सगळं पंचांगावर

बोलावण्याची गोष्ट निघाली की नवखा माणूस टीव्हीवर पाहिलेलं करतो. दोन शिंगं घेऊन खणाखण आपटायची, नळीत जोरजोरात घोगरे आवाज काढायचे, आणि चवताळलेला नर झुडपं तुडवत धावत येईल अशी आशा धरायची. असं होतं, पण नोव्हेंबरात. सप्टेंबरात हाच गोंधळ घातला तर रान रिकामं होतं. का, ते समजायला हरणाचं पंचांग बघायला हवं.

उत्तर अमेरिकेतल्या हिवाळ्यात बर्फ पडतो, चारा संपतो. पाडस जगायचं तर ते मे अखेर ते जून या दिवसांत जन्माला यायला हवं, कोवळं गवत भरपूर असताना. व्हाइटटेल मादीचा गाभणकाळ साधारण २०० दिवसांचा. मेच्या शेवटापासून २०० दिवस मागे मोजा; नोव्हेंबरचा मध्य येतो. म्हणून उत्तरेकडच्या राज्यांत माद्या माजावर येतात त्या नोव्हेंबरात, आणि ते ठरतं दिवसाच्या लांबीवरून. दिवस लहान होत जातो तसं मेंदूतलं मेलाटोनिन हे संप्रेरक बदलतं, नराच्या अंगात टेस्टोस्टेरोन, म्हणजे नरपणाचं संप्रेरक, चढत जातं. थंडी पडली म्हणून माज लवकर आला, उकाडा होता म्हणून लांबला, हे गप्पांमध्ये ठीक आहे. सूर्याचं गणित हवेमुळे बदलत नाही.

आपल्या चितळांचं असं नाही. त्यांच्यात मखमली, म्हणजे अजून वाढत असलेल्या शिंगांचा एक नर आणि पक्क्या शिंगांचा दुसरा एकाच कळपात दिसतात, वर्षातल्या जवळजवळ कुठल्याही महिन्यात. उष्ण प्रदेशात पाडसाला ठरावीक महिन्याची इतकी सक्ती नसते. अमेरिकेतही फ्लोरिडासारख्या दक्षिणेकडच्या राज्यात माजाचा काळ जागेप्रमाणे कित्येक महिन्यांनी मागेपुढे होतो. पण विस्कॉन्सिन-आयोवाचं घड्याळ काटेकोर आहे.

या घड्याळात सप्टेंबर कुठे येतो? उन्हाळाभर नर तीन-चार-पाचच्या टोळक्याने राहतात. शिंगं वाढत असतात, त्यांच्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमल असते आणि ती दुखरी असते, त्यामुळे भांडणं टाळली जातात. ऑगस्ट अखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत टेस्टोस्टेरोन चढू लागतं, मखमल सुकते, नर ती झुडपांवर घासून काढतात. आतून पक्की शिंगं निघतात आणि तेव्हापासून टोळक्यात कुरबुर सुरू होते. हळूहळू टोळकं फुटतं. माद्या मात्र आपल्या लेकी-पाडसांसह वेगळ्या असतात आणि त्यांना नराशी या दिवसांत काही देणंघेणं नसतं. सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर: खाणं. लसूणघासाची शेतं, पानं हिरवी असेपर्यंत सोयाबीन, आणि ओकची फळं गळू लागली की ओकची झाडं.

म्हणजे सप्टेंबरातला नर प्रेमात नाही आणि रागातही नाही. तो भुकेला आहे, थोडा चौकस आहे, आणि आपल्या टोळक्यात आपण कितवे याचा त्याला अजून पुरता अंदाज नाही. या एवढ्या भांडवलावर त्याला हाक मारायची असते.

बोली

व्हाइटटेल मुका प्राणी आहे असा समज बरीच वर्षं होता. जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८८ मध्ये त्याच्या आवाजांची रीतसर यादी प्रसिद्ध केली. त्यात डझनभर आवाज होते. शिकाऱ्याला त्यांतले चार-पाचच लागतात.

पहिला हुंकार, म्हणजे ग्रंट. डुकराच्या आवाजाच्या जवळचा, खर्जातला, छोटा, 'अर्प'सारखा. नर आणि माद्या दोघंही तो काढतात. एकच छोटा, हलका हुंकार म्हणजे 'कोण आहे रे तिकडे' इतपत विचारपूस. तोच लांब, घोगरा आणि पाठोपाठ निघू लागला की अर्थ बदलतो: माजावरच्या मादीमागे लागलेला नर चालताना असा हुंकारत जातो. त्याच्याही पुढची पायरी हा दुसरा आवाज: आधी फुस्स, मग नाकातून लांब सूं. दुसऱ्या नराला दिलेली उघड धमकी. तिसरा आवाज मादीचा, शेळीच्या 'बें'सारखा पण बारीक. चौथा पाडसाचा, आणखी उंच पट्टीतला. आणि पाचवा कोणीच मुद्दाम काढत नाही, तो म्हणजे जोराचा फुत्कार. हरणाला माणसाचा वास आला की नाकातून हवा फाडल्यासारखा येतो. तो ऐकू आला की त्या संध्याकाळचं सामान आवरायला हरकत नाही.

सुरुवातीच्या हंगामात चालणारे आवाज म्हणजे हलका हुंकार, मादीची हलकी 'बें', आणि तिसरी गोष्ट शिंगांची. कुस्ती बघणाऱ्याला हे चटकन समजेल. सप्टेंबरातले नर एकमेकांना शिंगं लावतात ती तालमीतली खडाखडी असते. मान खाली, शिंगात शिंग, थोडं रेटून बघायचं, सोडायचं, बाजूला होऊन चरायचं. नोव्हेंबरातली झुंज ही मैदानातली निकाली कुस्ती; तिथे जीवही जातो. म्हणून सप्टेंबरात शिंगं वाजवायची तर चिपळ्या हळूच एकमेकींवर घासाव्यात तशी, पाच-दहा सेकंद, आणि मग बराच वेळ शांत. निकाली कुस्तीचा आवाज ऐकून तालमीतलं पोर पळतं, तसा लहान-मध्यम नर पळतो.

इथे एक विरोधाभास वाटेल. दक्षिण टेक्सासमधल्या वेल्डर वन्यजीव आश्रयस्थानात १९९० च्या दशकात संशोधकांनी मुद्दाम शिंगं आपटून नोंदी घेतल्या, तेव्हा हळू आवाजापेक्षा मोठ्या आवाजाला जास्त नर आल्याचं दिसलं. त्याचा अर्थ एवढाच की मोठा आवाज लांबपर्यंत पोचतो. शिवाय सगळ्यात जास्त प्रतिसाद मिळाला तो ऐन माजात. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त मोलाची: आलेले बहुतेक नर वाऱ्याच्या खालच्या अंगाने, म्हणजे वारा वास जिकडे वाहून नेतो त्या बाजूने आले. त्यांनी कानावर विश्वास ठेवला, पण नाकाला विचारून.

आवाज काढायची साधनं साधी आहेत. हुंकाराची नळी म्हणजे आत पिपाणीसारखी पातळ पत्ती असलेली प्लास्टिकची नळी. पत्तीवर रबराचं कडं पुढेमागे सरकवलं की पट्टी बदलते. पत्तीचा थरथरणारा भाग लांब केला तर मोठ्या नराचा खर्ज, आखूड केला तर मादी किंवा पाडस. नवखे लोक सगळ्यात जाडा आवाज लावून बसतात, कारण त्यांना सगळ्यात मोठा नर हवा असतो. पण परिसरातला दांडगा नर सोडला तर त्या आवाजाला सामोरं जायला कोण येणार? मधल्या पट्टीतला, दीड-दोन वर्षांच्या पोरसवद्या नराचा आवाज सप्टेंबरात जास्त कामाचा; त्याला ना कोणी घाबरतं, ना कोणी टाळतं. मादीच्या आवाजासाठी पत्र्याचा छोटा डबा मिळतो. उलटा केला की आतलं वजन घसरत खाली येतं, हवा पत्तीतून ढकलली जाते आणि 'बेंऽ' निघतं. उलटं केलं की हंबरणाऱ्या गाईचं लहान मुलांचं खेळणं असतं, अगदी तेच यंत्र. बॅटरीवरचे, मुद्रित आवाज वाजवणारे डबेही बनतात, पण हरणासाठी ते वापरायला अनेक राज्यांत बंदी आहे.

मग हाक कधी मारायची? नियम एका वाक्यात बसतो: हरीण तुमच्याकडे येत असेल तर गप्प बसा, निघून जात असेल तर हाक मारा. हरणाचे कान वेगवेगळे फिरतात आणि आवाज कुठल्या झाडातून आला हे त्याला नेमकं कळतं. लोकांना वाटतं हरणाला माणसापेक्षा कितीतरी दुरून ऐकू येतं. पण जॉर्जियातल्याच चाचण्यांत दिसलं की त्याचं ऐकणं ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतं आणि आपल्याला ऐकू न येणारे ३० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाजही त्याला कळतात. बाकी कमाल त्या फिरत्या कानांची. ते तुमच्याच झाडाकडे बघत असताना पुन्हा फुंकलं, तर त्याला झाडावर हुंकारणारी काहीतरी गाठ दिसते. एकदा थांबून त्याने कान टवकारले, शेपूट हलवली, पुन्हा चरायला लागलं, की मग दुसरी हलकी हाक. कोणी दिसत नसताना नुसतीच हाक मारत बसायची असेल तर अर्ध्या-पाऊण तासातून एकदा पुरे. शेजारच्या घराची बेल कोणी दर पाच मिनिटांनी वाजवत नाही.

पाडसाची हाक

या हंगामात आणखी एक आवाज चालतो, आणि त्याबद्दल माझं मत बरं नाही. सप्टेंबरात पाडसं तीन-साडेतीन महिन्यांची असतात, काहींच्या अंगावरचे ठिपके पुरते गेलेले नसतात, आणि ती आईच्या मागेमागे असतात. पाडसाच्या आकांताचा आवाज काढला तर मादी धावत येते. कधी ज्या मादीचं पाडस तिच्या शेजारी सुखरूप उभं आहे तीसुद्धा.

हे किती खोल रुजलेलं आहे ते कॅनडातल्या एका प्रयोगाने दाखवलं. विनिपेग विद्यापीठाच्या सूझन लिंगल आणि त्यांचे सहकारी टोबायस रीड यांनी २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी रानातल्या हरणांच्या माद्यांना लाउडस्पीकरवरून वेगवेगळ्या प्राण्यांच्या पिल्लांचं रडणं ऐकवलं: सील, मांजर, वटवाघूळ, मार्मोट (बिळात राहणारी मोठी खार), माणसाचं बाळसुद्धा. आवाजाची मूळ पट्टी पाडसाच्या पट्टीच्या आसपास आली की मादी स्पीकरकडे धावत यायची. वटवाघळाच्या पिल्लाचा आवाज फार उंच, तो खाली उतरवून वाजवला तेव्हा त्यालाही ती आली. म्हणजे शिकारी पाडसाची हाक मारतो तेव्हा तो काही चातुर्य दाखवत नाही. तो अशी कळ दाबतो जी दाबल्यावर आईला थांबताच येत नाही.

सप्टेंबरातलं पाडस गवतावर जगू शकतं, दुधाशिवाय त्याचं अडत नाही, असा युक्तिवाद केला जातो आणि जीवशास्त्राच्या दृष्टीने तो बरोबर आहे. माद्यांची संख्या कमी करणं हे अनेक भागांत वनखात्याचं धोरणही असतं. तरीही पुष्कळ जुने शिकारी ही हाक गळ्यात बाळगत नाहीत. व्यवहाराचं कारणही आहे: या आवाजाला कोयोटी (तिथले कोल्ह्यासारखे रानकुत्रे) आणि अस्वलंही येतात, आणि ती आली की हरणं येत नाहीत.

डोळ्यांना काहीतरी दिसायला हवं

हाकेचा कच्चा दुवा असा की आवाज आला, हरीण त्या जागी पोचलं, आणि तिथे हरीणच नाही. साठ मीटरवर थांबून ते बघत राहतं. झाडी दाट असेल तर शोधायला आणखी पुढे येतं, उघडं माळरान असेल तर तिथूनच परततं. डिकॉय लागतो तो इथे. आवाज कानाला बोलावतो, प्लास्टिकचं हरीण डोळ्यांचं समाधान करतं, आणि तिसरं म्हणजे येणाऱ्याची नजर डिकॉयवर खिळलेली असल्यामुळे मचाणावरच्या माणसाला धनुष्य ताणायला उसंत मिळते.

ही कल्पना फार जुनी आहे. फ्लोरिडातले तिमुकुआ लोक हरणाचं अख्खं कातडं, मुंडक्यासकट, अंगावर पांघरून हरणांच्या जवळ जात. युरोपात १५९१ मध्ये छापल्या गेलेल्या थिओडोर द ब्राय याच्या कोरीव चित्रात ते दिसतात. आणि आपल्याला मारीच आठवल्याशिवाय कसा राहील? त्याने तर दोन्ही कामं एकट्याने केली: आधी सोन्याचा डिकॉय झाला आणि मरताना रामाच्या आवाजात कॉलही दिला.

आता प्लास्टिकचा डिकॉय मांडायचा कसा, हा प्रश्न. नवखा माणूस इथेही नोव्हेंबरचं सोंग सप्टेंबरात आणतो, भरघोस शिंगांचा नर उभा करतो. टोळक्यातले मध्यम नर त्याला बघून लांबूनच वळसा घालतात. या दिवसांत चरणारी किंवा बसलेली मादी, नाहीतर छोट्या शिंगांचा कोवळा नर चालतो. काही जण डिकॉयचं एक शिंग काढूनच ठेवतात. अर्धवट शिंगांचा नर म्हणजे ज्याला सहज दबावता येईल असा. चौकसपणा आणि थोडी दादागिरी, सप्टेंबरातल्या नराजवळ एवढंच असतं आणि तेवढ्यालाच खाद्य द्यायचं.

तोंड कुठे करायचं यालाही कारण आहे. नर दुसऱ्या नराकडे समोरून येतो, डोळ्यांना डोळे आणि शिंगांना शिंगं भिडवायला. म्हणून नराचा डिकॉय शिकाऱ्याकडे तोंड करून उभा करतात. येणारा नर वळसा घालून त्याच्यासमोर येतो, म्हणजे शिकारी आणि डिकॉय यांच्या मध्ये. मादीकडे नर मागून येतो, म्हणून मादीचं तोंड उलट्या दिशेला. अंतर पंधरा-वीस मीटर, कारण येणारं हरीण डिकॉयला चिकटून उभं राहीलच असं नाही, आणि दहा मीटर अलीकडे-पलीकडे थांबलं तरी टप्प्यात असावं.

निश्चल हरीण हे हरणांच्या भाषेत घाबरलेलं हरीण. चरणाऱ्या हरणाची शेपूट अधूनमधून हलते. 'सगळं ठीक आहे' असा त्याचा अर्थ. म्हणून डिकॉयच्या मागे पांढरा रुमाल किंवा टिश्यू कागद असा टाचतात की झुळकीने जरा हलावा. तोच रुमाल जोरात फडफडू लागला किंवा शेपूट उभी राहिली तर निरोप नेमका उलटा जातो. कानांचंही तसंच: मागे दुमडलेले कान म्हणजे राग, आणि सप्टेंबरात तो नको.

सगळ्यात मोठी अडचण नर नसतातच, ती असते एखादी म्हातारी मादी. माद्यांचे कळप नात्यागोत्याचे असतात, कुठली मादी आपली आणि कुठली परकी हे तिला पक्कं ठाऊक असतं. ही अनोळखी, बोलत नाही, हलत नाही, वास देत नाही. मग म्हातारी पुढचा पाय आपटते. मान खाली घालून चरल्याचं नाटक करते आणि झटकन वर बघते, समोरची चोरून हलते का ते पकडायला. असं चार-पाच वेळा झालं की फुत्कार, आणि सगळं रान सावध. ज्या शेतात माद्या जास्त येतात तिथे सुरुवातीच्या हंगामात डिकॉय न लावणंच बरं, असं अनुभवी लोक म्हणतात. अर्धा तास मादीची तपासणी सहन करून वाचलेला डिकॉय मी तरी कोणाच्या हकिकतीत ऐकलेला नाही.

आणि नाक. आवाज फसतो, नजर फसते, नाक फसत नाही. डिकॉय गॅरेजमध्ये पेट्रोलच्या डब्याशेजारी वर्षभर पडलेला असेल तर तो हरणाच्या आकाराचा पेट्रोलचा डबा आहे. म्हणून रबरी हातमोजे घालून हाताळायचा, बिनवासाच्या साबणाने धुवायचा, रात्री बाहेर मोकळ्या हवेत ठेवायचा. हरीण शेवटच्या टप्प्यात वाऱ्याच्या खालच्या अंगाला वळसा घालणार हे गृहीत धरून डिकॉय शिकाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवतात, म्हणजे वास बघायला वळसा घालणारं हरीण टप्प्यातून जावं. मचाणाच्या पाठीमागे ओढा, कुंपण किंवा दाट काटेरी झुडूप असेल तर त्याला आणखी लांबून फिरता येत नाही. वाराही दिवसभर एकसारखा नसतो: सकाळी ऊन चढलं की हवा उताराने वर जाते, संध्याकाळी गार होऊन खोलगटात उतरते. सकाळी बिनधोक असलेलं मचाण संध्याकाळी माणसाचा वास थेट ओढ्याकडे पोचवतं, आणि हरणं तर ओढ्याकडूनच येणार असतात.

डोळ्यांची एक गंमत सांगून हा भाग सोडतो. हरणाला लाल आणि केशरी रंग आपल्यासारखे दिसत नाहीत. त्याच्या डोळ्यांत निळ्या आणि पिवळट-हिरव्या रंगांच्याच शंकूपेशी असतात. म्हणून शिकारी झळझळीत केशरी जॅकेट घालून बसला तरी हरणाला ते मातकट दिसतं, आणि दुसऱ्या शिकाऱ्याला मैलभरावरून कळतं. उलट निळी जीन्स हरणाला ठळक दिसते. जाहिरातीतल्या 'चमकदार पांढऱ्या' धुलाईच्या साबणाने धुतलेले कपडेही तसेच, कारण त्यातली चमक अतिनील किरणांवर चालते आणि हरणाच्या डोळ्यांत ते किरण अडत नाहीत.

केशरी रंग डिकॉयसाठीही लागतो. हुबेहूब हरीण खांद्यावर टाकून पहाटेच्या अंधारात रानातून चालणं म्हणजे स्वतःच हरीण होणं. नेताना-आणताना ते केशरी कापडात गुंडाळतात, आणि बंदुकीचा हंगाम चालू असताना शहाणा माणूस ते घरीच ठेवतो.

आपल्याकडे

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. चितळ, सांबर, भेकर, काळवीट यांच्यासाठी परवाना, हंगाम असा काही प्रकारच नाही. कायद्यातली शिकारीची व्याख्याही रुंद आहे: मारणं तर आलंच, पण पकडणं, फासे लावणं, हाकून आणणं, आमिष दाखवणं आणि यांतलं काही करण्याचा प्रयत्नही तिच्यात येतो. तेव्हा मेळघाटाच्या कडेला डिकॉय लावून 'नुसतं बघतोय' हे कोणी ऐकून घेणार नाही.

हे ज्ञान आपल्याकडे नव्हतं असं मात्र नाही. फासेपारधी काळविटामागे जाताना शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडून चालत. काळविटाला गुरांची सवय, त्यामुळे ते बिचकत नसे, आणि माणूस फासे लावण्याइतका जवळ पोचे. पाळलेला तित्तर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या हाकेवर रानातले तित्तर बोलावणं हेही त्यांचंच. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा जमातींच्या कपाळावर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ मध्ये पुसला गेला, आणि वीस वर्षांत वन्यजीव कायदा आला. त्या कायद्याची गरज होतीच. पण काळविटाची चाल जिला सगळ्यात जास्त कळत होती त्या जमातीने त्यानंतर त्या ज्ञानाचं काय करायचं, याची सोय कोणी केली नाही.

आज आपण हरणाच्या आवाजांकडे उलट बाजूने जातो. ताडोब्यात जिप्सी थांबते, गाइड बोट वर करतो आणि म्हणतो 'कॉल आहे'. चितळाची बारीक किंचाळी, सांबराचं 'ढाँक', भेकराचं भुंकणं. सांबर ओरडलं तर वाघ जवळपास असण्याची शक्यता बरीच. विस्कॉन्सिनमधला माणूस हरणाशी बोलण्याचा प्रयत्न करतो, ताडोब्यातला ते काय बोलतंय ते ऐकतो. दोघांनाही आधी कळायला हवं ते एकच, की हा आवाज या महिन्यात या जनावराच्या तोंडून का निघाला.

अमेरिकेत डिकॉयचा आणखी एक उपयोग होतो आणि त्याला महिना बघावा लागत नाही. रात्री गाडीच्या दिव्यांच्या झोतात, रस्त्यावरूनच, खिडकीतून गोळी झाडणं हा तिथेही गुन्हा आहे. असे चोरटे शिकारी पकडायला अनेक राज्यांतले वन्यजीव अधिकारी रस्त्याकडेला यांत्रिक हरीण ठेवतात. फोमच्या अंगावर खरं कातडं, दूर झाडीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातात रिमोट. त्याने बटण दाबलं की हरीण मान वळवतं, शेपूट हलवतं. गाडी पुढे जाते, ब्रेक लागतो, दिवे मागे येतात, काच खाली होते. गोळी फोममधून आरपार जाते, हरीण उभंच राहतं, आणि बऱ्याचदा गाडीतला माणूस दुसरी गोळीही झाडतो.